रात्री कुणाला उठवणार?

ऑपरेशनला यायचं तसं उपाशी पोटी पहिल्या किमोला येणारी बाई आमच्याकडे अधूनमधून असतेच. सकाळी चहा-नाश्ता करून या, असं आदल्या भेटीत नीट सांगितलेलं असतं. पण गावातलं कुणीतरी 'थेंबभर पाणीसुद्धा घेऊ नकोस' म्हणून बजावतं आणि आमचं सांगणं वाऱ्यावर जातं. आजऱ्याहून नाहीतर चंदगडहून पहाटेची एसटी धरायची, कोल्हापूर गाठायचं, तोवर ओठ कोरडे आणि डोकं गरगरतंय. मग सुई-सलाईनच्या आधी कँटीनमधून इडली मागवायची. किमोआधी हलकं खाल्लेलं चालतं. चालतं काय, खाल्लेलंच बरं. आणि पाणी नीट प्यायलेलं असलं की हाताची नस तरी वर येते.

मी कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात किमो डे केअरची सिस्टर आहे. स्तनाचा कॅन्सर निघालेल्या बायकांना पहिल्या किमोआधी बसवून सगळं समजावून सांगायचं काम गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. कागदोपत्री त्याला समुपदेशन म्हणतात. जागा म्हणजे स्टोअरशेजारचा एक कोपरा, प्लायवूडचं पार्टिशन, वजनाचा काटा, भिंतीवर उंचीची पट्टी आणि तीन खुर्च्या. तीन खुर्च्यांत माणसं पाच. बाई, नवरा, मुलगा, सून आणि 'ह्याला दवाखान्यातलं कळतं' म्हणून आणलेला एखादा भाचा. औषधांचं विचारतो तो भाचा, खर्चाचं विचारतो तो मुलगा. बाई बोलते ती उठता उठता, आणि तेही स्वतःबद्दल क्वचितच. "म्हशीची धार कोण काढणार?" "धाकटीची दहावी हाय, तिला सांगायचं का?" "एकवीस दिवसांनी म्हंजे ऐन बेंदरात येतंय की ओ हे!"

फाइलची तयारी त्या मानानं सोपी, कारण ती आमच्या हातात असते. बायोप्सीचा रिपोर्ट, त्यात ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या, ज्यांच्यावर पुढची औषधं ठरतात. हृदयाची सोनोग्राफी म्हणजे टू-डी इको, कारण पहिल्या चार किमोंतलं लाल औषध हृदयाच्या स्नायूला बाधू शकतं. रक्तातल्या पेशी, लिव्हर, किडनी, साखर. कावीळ बीची तपासणीही आधीच लागते. हा विषाणू अंगात दडून असला तर प्रतिकारशक्ती उतरल्यावर उसळतो. हे सगळं ठरलेल्या क्रमानं होत जातं.

वजन-उंची मात्र मी स्वतः घेते. चप्पल काढायला लावते, शाल उतरवायला लावते, हातातली पर्स सुनेकडे द्यायला लावते. कारण किमोचं औषध गोळीसारखं सगळ्यांना सारखं नसतं, अंगाच्या क्षेत्रफळावर ठरतं. उंची १५० सेंटिमीटर आणि वजन ५० किलो असेल तर क्षेत्रफळ येतं सुमारे १.४४ चौरस मीटर. लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, म्हणजे या बाईला साधारण ८७. सोबतचं सायक्लोफॉस्फमाइड ६००च्या हिशेबानं ८६५च्या आसपास. एकदा एका बाईला हे गणित सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे जाड बाईला औषध जास्त लागतंय?" म्हटलं, हो. शेजारी बसलेल्या सासूकडे बघून म्हणाली, "मग तुम्हांस्नी नको व्हायला, परवडायचं न्हाई." सासूच आधी हसली. पार्टिशनपलीकडून फार्मासिस्ट डोकावून गेला, काय झालं म्हणून.

पैशाचं पुढच्या टेबलावर आरोग्यमित्र बघतो. २०१२ साली जीवनदायी म्हणून सुरू झालेली योजना आता महात्मा फुल्यांच्या नावानं आहे आणि तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत गेलीय. पण घोडं पेंड खातं ते नावात. रेशनकार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बायोप्सीच्या रिपोर्टवर घरात हाक मारतात ते. कधी तर लग्नाला वीस वर्षं होऊनही सुनेचं नाव रेशनकार्डावर चढलेलंच नसतं. किमोची तारीख मिळालेली बाई तहसील कचेरीच्या पायऱ्या चढत असते, हे मला अजूनही बघवत नाही. म्हणून मी हल्ली बायोप्सीच्याच दिवशी विचारते, कार्डावर तुमचं नाव काय आहे?

समजावून सांगण्यातला सर्वांत जास्त वेळ दोन उलट्या प्रश्नांत जातो. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांचा प्रश्न असतो, गाठ तर निघाली, आता किमो कशाला? ज्यांना आधी किमो सांगितलीय त्या म्हणतात, आधी गाठ काढा की, ती आत ठेवून औषध कसलं देताय? पहिल्या प्रश्नाला आमच्या भागात हरळीचं उत्तर चालतं. रानातला हरळीचा गड्डा उपटला म्हणून हरळी जात नाही, एखादी मुळी राहिली की पुढच्या पावसाला पुन्हा हिरवं. हे ऊस लावणाऱ्या माणसाला मी सांगायची गरज नसते. शिकलेला भाचा असेल तर त्याला मिलानच्या जानी बोनादोन्ना या डॉक्टरांचं सांगते. १९७६मध्ये त्यांनी ऑपरेशननंतर तीन औषधांची किमो दिलेल्या २०७ बायका आणि न दिलेल्या १७९ बायका यांचा हिशेब मांडला. सव्वादोन वर्षांच्या त्या पाहणीत किमो न दिलेल्यांपैकी २४ टक्क्यांचा आजार उलटला होता, किमो दिलेल्यांपैकी ५.३ टक्क्यांचा. आजची औषधं वेगळी आहेत, पण ऑपरेशननंतर किमो द्यायची ही वाट तिथून रुळली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पटवणं कठीण. गाठ मोठी असेल, काखेत गेलेली असेल किंवा ठरावीक जातीची असेल तर आधी औषध देतात, म्हणजे गाठ औषधाला दाद देते का ते डोळ्यांनी दिसतं आणि पुष्कळदा अख्खा स्तन काढावा लागत नाही. एवढ्यानं कुणी राजी होत नाही. राजी होतात ते क्लिपचं ऐकल्यावर. गाठ विरघळून दिसेनाशी झाली तर सर्जनला जागा कळावी म्हणून आधीच तिच्यात धातूची एक बारीकशी खूण ठेवतात. "म्हंजे गाठ गायब बी व्हती?" असं म्हणून नवरा पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसतो.

मग पिशवी उघडायची. ही माझी सवय, काहींना आगाऊपणा वाटतो. पण पिशवीतून काय निघेल सांगता येत नाही. लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा, गोमूत्राची बाटली, कुणा वैदूच्या पुड्या आणि गुळवेल तर हमखास. कोविडच्या दिवसांत गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१मध्ये नोंदवलंय, आणि किमोची बरीच औषधं लिव्हरमधूनच जातात. मी कुणाच्या श्रद्धेला हात लावत नाही. अंगारा लावा, देवीला नवस बोला, जोतिबाला जाऊन या. पोटात जाणारं मात्र मला दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही. उपवासही तेवढे दिवस देवाकडे रजा टाकून बंद करायचे. नवऱ्याच्या आयुष्यासाठी इतकी वर्षं सोमवार धरला, आता त्याला धरू दे, असं मी म्हणते. दोघा-तिघांनी खरंच धरलेत.

आणि मिश्री. बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, पण आमच्याकडच्या बाईला कॅन्सर आहे हे सांगण्यापेक्षा मिश्री सोडा हे सांगणं अवघड. सकाळी चुलीपुढे बसून तव्यावर भाजलेली तंबाखू हिरड्यांना लावायची, तो तिचा दिवसातला एकमेव स्वतःचा वेळ असतो. त्या वेळात तिला कुणी हाक मारत नाही. किमोनं तोंडाची आतली कातडी हुळहुळी होते, तोंड येतं, त्यात हिरडी मिश्रीनं सोललेली असली की पाण्याचा घोट गिळताना डोळ्यांतून पाणी येतं. म्हणून दातांच्या डॉक्टरला दाखवायचं, किडका दात किमोआधीच काढून घ्यायचा, मऊ ब्रश आणायचा, मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्यानं चार-पाच वेळा चूळ भरायची. आणि ती सकाळची दहा मिनिटं? ती मी घरच्यांकडून मागून घेते. मिश्री नाही, पण दहा मिनिटं तिला तशीच बसू द्या. हसतात लोक. पण ज्या घरात ती मिळतात तिथली बाई मिश्रीकडे परत वळत नाही, असं मला तरी दिसलंय.

हाताचं बघायचं ते उजेडात. ज्या बाजूचं ऑपरेशन झालंय आणि काखेतल्या गाठी काढल्यात त्या हाताला शक्यतो सुई टोचत नाही. तो हात सुजायची भीती असते. म्हणजे उरतो एकच हात. त्या एका हाताच्या नसा भांडी घासून, भांगलण करून, विळ्यानं कापून घेऊन आधीच दमलेल्या. मनगटापासून वर बोट फिरवत जायचं. डोळ्यांनी दिसते ती नस नेहमीच चांगली नसते. बोटाखाली दबून परत उसळते ती चांगली. लाल औषध नसेबाहेर गेलं तर मांस जाळतं, जखम महिनोन्महिने भरत नाही. म्हणून ते आम्ही पंपाला लावून सोडून देत नाही. सलाईन पळत ठेवायचं आणि मोठ्या सिरिंजमधून हातानं, हळूहळू ढकलायचं. दर थोड्या वेळानं दांडा मागे ओढून रक्त येतंय ना ते बघायचं, आणि सारखं विचारत राहायचं, आग होतेय का, टोचतंय का?

इथंच मला पहिल्यांदा ती गोष्ट जाणवली, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. विचारलं की बाई म्हणते, "न्हाई, काय न्हाई." ओठ घट्ट मिटलेले, पायाचा अंगठा वाकलेला, आणि "काय न्हाई." थोडी आग तर व्हायचीच, त्यात एवढं काय, असा तिचा हिशेब. आमच्यासाठी ती आग म्हणजे सिरिंज तिथल्या तिथं थांबवायचा इशारा. आता मी आधीच सांगते, की तुम्ही इथं सोसलंत तर माझी नोकरी जाईल. नोकरीबिकरी काही जात नसते, पण दुसऱ्याचं नुकसान होईल म्हटलं की ती लगेच बोलते. ज्यांना नस सापडायची आशाच नसते त्यांना पोर्ट बसवतात, गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत. त्याचा खर्च आहे, पण हात वाचतो.

बांगड्यांचं भांडण वेगळंच. ऑपरेशनच्या बाजूच्या हातात घट्ट बांगड्या नकोत, काच तर नकोच, कारण साधा ओरखडाही त्या हाताला महागात पडतो. "मोकळा हात कसा ठेवायचा, मालक हाईत की अजून!" यावर मी वाद घालत नाही. दुसरा हात मोकळा आहे, तिकडं डझनभर भरा म्हणते. एक सासूबाई उठून बाहेर गेल्या आणि चौकातून हिरवा चुडा घेऊन आल्या, सुनेच्या त्या एका हातात स्वतः भरला. सुई टोचायची त्याच हाताला हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. मग त्या सगळ्या बांगड्या कोपरापर्यंत सारून, रुमालानं बांधून किमो चढवली.

केसांबद्दल बायकांनाच सगळं ठाऊक असतं. दोन-तीन आठवड्यांत जातात, उशीवर, मोरीत, भाकरीच्या पिठात दिसतात, म्हणून आधीच बारीक कापून घ्या म्हणते. काही कापतात, काही शेवटपर्यंत वेणी सोडत नाहीत. तेही ठीकच आहे. यावर भाषण देणारे मला आवडत नाहीत; केस परत येतात हे सांगून त्या दिवसाचं दुःख कमी होत नाही. आमच्या भागातल्या बायकांनी स्वतःच एक तोडगा काढलाय. कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया एक्स्प्रेस आहेच. "गावात सांगितलंय, बालाजीला केस दिले." सगळ्या गावाला खरं ठाऊक असतं आणि सगळं गाव विचारतं, दर्शन चांगलं झालं का?

एक बोलणं मात्र मी सगळ्यांना बाहेर काढून करते, अगदी सासूला आणि नवऱ्यालाही. पाळी येते का, मूल आणखी हवं आहे का, पोटात काही आहे अशी शंका आहे का? तिशीतल्या बाईला किमोनं पाळी थांबू शकते, कधी कायमची. बीजांडं गोठवून ठेवायची सोय आहे, पण ती किमोच्या आधी, आणि त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागतं, पैसे लागतात. हे ऐकून घेऊन 'नको' म्हणणं वेगळं आणि कुणी विचारलंच नाही हे वेगळं. नवऱ्याबरोबर एका खोलीत झोपलं तर चालतं का, हेही इथंच विचारतात. चालतं. लेकराला जवळ घेतलं तरी चालतं. कॅन्सर लागत नाही. दोन दिवस औषध लघवीतून आणि उलटीतून जात असतं, तेवढे दिवस संडासात पाणी दुप्पट ओतायचं आणि तिचे खराब झालेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवायचे. लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे, औषधाचाच रंग. हे सांगायचं राहिलं तर पहिल्या रात्री घर जागं राहतं.

त्या लाल रंगाची भीती फार. एका काकूंना मी सांगितलं, की हे औषध मुळात इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून निघालंय. आणि पुढच्या टप्प्यात देतात ते पॅक्लिटॅक्सेल एका झाडाच्या सालीतून. काकू म्हणाल्या, "मातीतलंच हाय म्हणा की मग. मातीला काय भ्यायचं!" आणि हात पुढं केला.

उलटीची धास्ती सिनेमांनी घातलेली. आता उलटीची औषधं खूप सुधारली आहेत. त्यातल्या ओलान्झापीन नावाच्या गोळीनं बायकांना दिवसभर गुंगी यायची. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०२४मध्ये दाखवून दिलं, की १० मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅमनंही उलटी तितकीच आटोक्यात राहते आणि झोप कमी येते. घरात कामाला लागणाऱ्या बाईच्या दृष्टीनं मला हे मोठं काम वाटतं. प्रत्यक्षात तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडकुंडीला आणतो तो बद्धकोष्ठ, उलटीच्याच काही गोळ्यांमुळे होणारा. त्याबद्दल कुणी विचारत नाही आणि नंतर फोनवर कुणी मोठ्यानं सांगत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी त्याचं औषध सोबत देते.

आता ताप. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. तेव्हा ताप आला तर तो साधा ताप नव्हे. १००.४ फॅरनहाइट दिसलं की लगेच निघायचं. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून सुरू व्हायला हवं. क्रोसिन घेऊन वाट बघायची नाही, गावातल्या डॉक्टरकडून कंबरेत इंजेक्शन घ्यायचं नाही. गावातल्या डॉक्टरला द्यायला मी एक चिठ्ठीच देते. थर्मामीटर दाखवून, स्वतःच्या काखेत लावून, आकडा वाचून घेते. 'शंभर पॉइंट चार' हे ऐकणाऱ्याच्या डोक्यात 'एकशे चार' होऊन बसतं, म्हणून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देते आणि म्हणते, शंभर ओलांडलं की पिशवी भरायला घ्या.

शिरोळकडच्या एक काकू होत्या. पन्नाशीच्या, चौथी शिकलेल्या, पण मी सांगितलेलं सगळं पाठ. पहिल्या किमोनंतर दहाव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला मुलगा त्यांना गाडीतून घेऊन आला तेव्हा वरचा रक्तदाब ऐंशीवर होता आणि हातपाय गार. अँटिबायोटिक लागलं, सलाईन धावलं, आयसीयूत गेल्या. बऱ्या झाल्या; पुढच्या प्रत्येक किमोला पेशी वाढवायचं इंजेक्शन घेऊन सगळा कोर्स पुरा केला. वॉर्डात आल्यावर मी त्यांच्या कॉटवर बसले.

"काकू, किती ताप आला की फोन करायचा?"

"शंभर पॉइंट चार."

"मोजला होता?"

"व्हय की. रातच्या एक वाजता. एकशे एकच्या वर हुता."

"मग?"

"लाईट रातची हुती. पोरगं उसाला पाणी पाजाय गेलतं. सून लेकराला घिऊन नुकती कुठं निजली हुती. म्हटलं, उजाडू दे. कशाला उठवायचं?"

काकू काहीच विसरल्या नव्हत्या. आकडा ठाऊक, थर्मामीटर उशाशी, माझा नंबर फोनात. अडलं होतं ते शेजारी झोपलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावण्यावर. आठ तास त्या तापात पडून राहिल्या, आणि मला वाटतं, त्या आठ तासांत त्यांना स्वतःचं काही चुकतंय असं वाटलंच नसेल. घरातल्या कुणाची झोप मोडू न देणं हे त्यांनी लग्न झाल्यापासून नेमानं केलेलं काम होतं. मी त्यांना ताप शिकवला होता. त्रास द्यायला कसं शिकवायचं हे माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं. नर्सिंगच्या पुस्तकात जोखमीच्या रुग्णांची यादी असते, वय जास्त, मधुमेह, हिमोग्लोबिन कमी. 'सोशीक' असा रकाना त्यात नाही. मी तो मनातल्या मनात घातलाय.

तेव्हापासून बोलणं संपवताना मी घरच्यांसमोर बाईला एकच प्रश्न विचारते. रात्री दोन वाजता ताप आला तर कुणाला उठवणार? "कुणीतरी असतंयच की" हे उत्तर चालत नाही. नाव पाहिजे. नवरा म्हणतो, मला उठवेल की. मी विचारते, तुमची झोप कशी आहे? बायको तोंडाला पदर लावते. "ढोल वाजला तरी उठत न्हाईत." मग दुसरं नाव. गाडी कुणाकडे, चावी कुठं असते, रस्त्यात नदीला पाणी आलं तर कुठल्या वाटेनं यायचं, १०८ कुणी फिरवायचा. फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल पेननं नाव आणि नंबर लिहिते आणि त्या माणसाला तिथंच म्हणायला लावते, "मला उठवा."

बायकांना हे फार अवघड जातं. नजर खाली जाते. एकदा तासभर गप्प बसलेली, सगळ्यांनी तोंडं वाकडी करावीत अशी फुरंगटलेली एक सून होती. घरात काहीतरी बिनसलेलं, ते आल्याबरोबर कळत होतं. मुलगा आईला म्हणत होता, "मला उठव," आणि आई म्हणत होती, "तुला सकाळी सहाची शिफ्ट हाय." सून भिंतीकडे बघत म्हणाली, "आत्या, मला उठवा. बाळ उठतंय म्हणून मी जागीच असतीया." सासूनं तिच्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, "लिवा हिचं नाव." मी लिहिलं. पुढं त्यांचं पटलं की नाही, मला माहीत नाही. ताप आला त्या रात्री मात्र दीडच्या सुमाराला फोन सुनेनंच केला आणि तीनच्या आत त्या दोघी कॅज्युअल्टीत होत्या.

नाव नसलेल्याही बायका असतात. गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याकडच्या एक मावशी आल्या. नवरा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला, मुलगी पुण्यात. कुणाला उठवणार म्हटल्यावर खूप वेळ विचार करून म्हणाल्या, "शेजारची आक्का." मी म्हटलं, मग आक्कांना घेऊन या. पहिल्या किमोला आक्का आल्या. सत्तरीच्या, ठणठणीत, कानाला जरा कमी. थर्मामीटर वाचता येईना. नातीला फोन लावून, तिला व्हिडिओवर आकडा दाखवायचा असं ठरलं. आक्कांनी माझा नंबर स्वतःच्या फोनात घालून घेतला आणि मला बजावलं, की रातीबेरातीला उचलायचा बरं का, न्हाईतर मी गाडीच घिऊन येईन.

आठव्या दिवशी रात्री साडेअकराला आक्कांचा फोन. ताप ९९.२. घाबरण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, बरं केलंत फोन केलात ते, दोन तासांनी पुन्हा मोजा. दीडला पुन्हा फोन, ९८.८. आता झोपा म्हटलं. त्यानंतर आक्का मावशींच्या प्रत्येक किमोनंतर फोन करतात. ताप नसला तरी करतात. परवा तर मावशींनी खरवस खाल्ला तर चालेल का, हे विचारायला पहाटे पाचला केला, कारण म्हैस नुकतीच व्यायली होती. चीक नीट वाफवून शिजवा, मग चालेल, असं सांगून मी उठले आणि ड्यूटीवर निघाले.